व्याल्यानंतरचे आजार आणि रक्ताची पूर्वसूचना

मुंबईच्या उपनगरांत दूध म्हटले की गायीपेक्षा म्हैसच आधी डोळ्यांसमोर उभी राहते. दाट वस्तीतील तबेले शहराबाहेर न्यावेत, या हेतूने 1949 साली गोरेगाव येथे आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. तत्कालीन दूध आयुक्त दारा खुरोडी यांना 1963 मध्ये मॅगसेसे पुरस्काराचा मान मिळाला, तो दुधाच्या या क्षेत्रातील कार्याबद्दलच. वसाहत झाली तरी जोगेश्वरीसारख्या भागांतील तबेले चालूच राहिले.

या व्यवसायाची एक रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. उपनगरातील तबेलेवाला सहसा म्हैस लहानाची मोठी करीत नाही. गाभण किंवा ताजी व्यालेली म्हैस तो विकत घेतो. हरियाणातील मुऱ्हा, गुजरातेतील मेहसाणा व जाफराबादी या जातींची जनावरे अशीच मुंबईत येतात. ज्या दिवसांत जनावराची प्रकृती सर्वांत नाजूक असते, नेमक्या त्याच दिवसांत ते प्रवासात असते, त्याचा मालक बदलतो आणि चाराही बदलतो. मग आठवड्याभरात म्हैस चारा टाकते, वार अडकते, दूध निम्म्यावर येते. 'शहराचे पाणी मानवले नाही' असे म्हणून विषय संपतो. वस्तुतः या आजारांची पावले रक्तात आधीच उमटलेली असतात.

व्याल्यानंतर दहा लिटर चीक काढला, तर त्याबरोबर सुमारे 23 ग्रॅम कॅल्शियम शरीराबाहेर जाते. रक्तद्रवात एका वेळी असणाऱ्या कॅल्शियमच्या हे कितीतरी पट आहे. हाडांतून आणि आतड्यांतून ही भरपाई वेळेत झाली नाही, तर जनावर बसते व मान पोटाकडे वळवते. याला दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वराचे असले तरी अंग थंड पडते, ही त्यातील गंमत. कॅल्शियमची उणीव हे याचे कारण असल्याचे एडिंबरो येथील ड्रायरे व ग्रेग यांनी 1925 मध्ये मांडले. जनावर बसले नाही, पण कॅल्शियम थोडे कमीच राहिले, तर गर्भाशय व पोट यांची हालचाल मंदावते. अडकलेली वार आणि गर्भाशयाचा दाह यांची वाट तेथूनच मोकळी होते.

दुसरी गोष्ट चरबीची. विताना खाणे घटते, दुधाची मागणी मात्र वाढते. ही तूट भरून काढण्यासाठी अंगावरील चरबी वितळते आणि तिची मुक्त मेदाम्ले रक्तात येतात. यकृताला ती पेलली नाहीत की त्यांची कीटोन द्रव्ये बनतात; हाच कीटोसिस किंवा कितनबाधा होय. विण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत मेदाम्ले वाढलेली दिसली, तर हा पहिला इशारा समजावा. व्याल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेट हे कीटोन द्रव्य लिटरमागे 1.2 मिलिमोल किंवा अधिक आढळले, तर बाहेरून धडधाकट दिसणारे जनावरही सुप्त कितनबाधेचे धरले जाते. अशा गायींत चौथे पोट जागचे सरकणे व गर्भाशयाचा दाह यांचे प्रमाण अधिक आढळते. शरीरात दाह असल्यास हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिनही वाढते; निरोगी गुरांत ते जवळजवळ नसतेच.

हे आकडे मुख्यतः विलायती गायींवरून ठरले आहेत. म्हशीला ते जसेच्या तसे लावणे घाईचे होईल. तिच्या दुधात स्निग्धांश पुष्कळ अधिक, आणि तिचे काही आजारही वेगळे. फॉस्फरसच्या अभावाने व्याल्यानंतर लघवी लाल होण्याचा विकार म्हशींत विशेष आढळतो. तेव्हा रक्तातील फॉस्फरस पाहणे तिच्या बाबतीत अधिक अगत्याचे आहे.

एका जनावराचे रक्त भविष्य सांगत नाही, संभव सांगते. कळपाचे रक्त मात्र बरेच काही सांगते. 1970 मध्ये इंग्लंडमधील कॉम्प्टन येथील पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चयापचय तपासणीची पद्धत मांडली, ती याच विचाराने. नव्याने व्यालेल्या निदान बारा जनावरांचे रक्त तपासावे. दहापैकी एकापेक्षा अधिक जनावरांत कीटोन द्रव्य मर्यादेबाहेर असेल, तर दोष जनावरांत न शोधता गव्हाणीत शोधावा. भाकड काळात जनावर फार लठ्ठ झाले का, विण्याच्या सुमारास चारा एकाएकी बदलला का, हे पाहणे मग ओघानेच येते. काही ठिकाणी नुसता गूळ चारून समाधान मानतात. पण पोटातील जंतू साखर आंबवून टाकतात. ती थेट रक्तात पोचत नाही. पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलची जागा गूळ घेऊ शकत नाही.

कीटोन द्रव्यासाठी मधुमेह्यांच्या यंत्रासारखे हातात मावणारे यंत्र मिळते. रक्ताचा एक थेंब पुरतो. तेही नसेल तर लघवीवरील रोथेरा चाचणी आहे. रंग जांभळा झाला की कीटोन द्रव्य असल्याचे कळते. कॅल्शियम व मेदाम्ले यांसाठी मात्र प्रयोगशाळा हवी. परळ येथे 1886 पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या या शहरातील तबेलेवाल्याला जाणकार सल्ला दूर नाही. अडचण आहे ती गावाकडची. विण्यापूर्वीचे रक्त घ्यायचे तर ते जनावर जेथे गाभण असते तेथेच घेतले पाहिजे, आणि तेथील पशुपालकाला त्याचा लाभ दिसत नाही, कारण म्हैस विकली जाणार असते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आणि पशुधन पर्यवेक्षकांनी हा दुवा जोडण्याजोगा आहे. विक्रीच्या पावतीबरोबर विण्याची तारीख, भाकड काळातील खुराक आणि तपासणी झाली असल्यास तिचा निकाल, एवढे एका चिठ्ठीवर दिले तरी गोरेगावच्या तबेल्यात त्या म्हशीवर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवता येईल.

नमुना घेताना एक दक्षता घ्यावी. रक्त मानेच्या किंवा शेपटीच्या शिरेतून काढावे, कासेच्या शिरेतून नव्हे. कास स्वतः कीटोन द्रव्य वापरते, त्यामुळे तेथील आकडा खोटाच कमी येतो आणि आजारी जनावर निरोगी ठरते.