सशाची हनुवटी ओली दिसली तर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका पशुसखीने केलेले भाषण)



शेळ्या-कोंबड्यांवर आपण दर सभेत बोलतो. आज सशावर बोलते. हसू नका! मालवण, तारकर्लीकडे ज्यांच्या घरी पर्यटक राहतात, त्यांच्यातल्या काही जणींनी पोरांना खेळायला ससे आणलेत. काही जणी पिल्लं विकतात. म्हणजे पैसा त्यातही अडकलेला आहे.

गेल्या मे महिन्यात माझा ससा गेला. चार दिवस त्याची हनुवटी ओली होती. मला वाटलं, उकाडा आहे, पाणी पीत असेल. खाणं टाकलं की धावत यायचा, तोंड लावायचा आणि मागे सरायचा. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ह्येका भूक आसा, पण खावक जमना नाय." त्यांनी ओळखलं. मी पशुसखी असून मला कळलं नाही. डॉक्टरांनी तोंड तपासलं तेव्हा दाढेला धारदार कड आलेली आणि जीभ कापलेली. उशीर झाला होता.

सशाला 28 दात, आणि सगळेच जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-अडीच मिलिमीटर. ते झिजतात गवत चावून. गवत तो जबडा आडवा फिरवून बराच वेळ चावतो, तेव्हा दाढा घासतात. बिस्किट, पाव, भात यांनी ते होत नाही. गाजरानेही नाही, ते गोडच जास्त. पर्यटकांची पोरं हेच भरवतात आणि आपणही कौतुकाने बघत राहतो. सड्यावरचं करड चोवीस तास पुढ्यात हवं. पावसाळ्यासाठी आधीच कोरडं साठवा, बुरशी आलेलं घालू नका.

आठवड्याला एकदा ओठ बाजूला करून पुढचे दात बघा. वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. वरच्यांच्या मागे दोन बारीक दात असतात, ते जन्माचेच, घाबरू नका. दाढा मात्र आपल्याला दिसत नाहीत. म्हणून पिशवीत घालून वजन करा, वहीत लिहा. जबड्याखाली हात फिरवून गाठ बघा. एका डोळ्यातून पाणी येत असेल तरी कारण दाताचं असू शकतं. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या, तर सावध व्हा. आणि अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर उद्यावर ढकलू नका, सशाची आतडी थांबतात. 1962 ला फोन करा नाहीतर दवाखाना गाठा.

नेलकटरने दात कापायचे नाहीत. दात उभा चिरतो, मुळाशी पू होतो. डॉक्टर ते घासून कमी करतात, दाढांसाठी भूल द्यावी लागते. शेळीचं उरलेलं औषधही पाजू नका. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर ससा त्यानेच मरू शकतो.

पिल्लं विकणाऱ्यांना एक सांगते. काही सशांचे दात जन्मतःच वाकडे असतात, दोन-अडीच महिन्यांत दिसायला लागतात. असा ससा पैदाशीला ठेवू नका, पुढच्या पिल्लांतही ते येतं. आणि लपवून विकू तर नकाच. गिऱ्हाईक परत गटाच्याच दारात येतं.

सभा झाल्यावर ससेवाल्यांनी थांबा. टोपलीत एक ससा आणलाय, तोंड कसं बघायचं ते दाखवते. एकीने त्याला टॉवेलात गुंडाळून धरायचं आहे. कोण धरतंय?