कामातली हजेरी

शाळेत रोज सकाळी हजेरी होते. गुरुजी नाव पुकारतात, मूल 'हजर' म्हणते आणि पटावर खूण होते. पण 'हजर' म्हणणारे मूल खरोखर वर्गात असतेच असे नाही. देह बाकावर असतो आणि मन ओढ्याकाठच्या चिंचेवर. आणि गुरुजी तरी? त्यांचेही मन कधी बदलीच्या हुकुमात असते, कधी घरच्या आजारपणात. पटावर मात्र सगळे हजर!

आज मला तुमच्याशी या हजेरीबद्दल बोलायचे आहे. पटावरच्या नव्हे, आपल्या रोजच्या कामातल्या.

अध्यात्म म्हटले की आपल्याकडे एक हिशेब ठरलेला असतो. आधी पोरांची शिक्षणे, मग लग्ने, मग कर्जफेड, आणि हातपाय थकले की देवाचे नाव. महाराष्ट्रातल्या संतांनी हा हिशेब मानला नाही. सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात अरण नावाचे गाव आहे. तेराव्या शतकात तिथे सावता माळी होऊन गेले. पंढरपूर तिथून काही फार लांब नाही. तरी परंपरा सांगते की सावतोबा कधी पंढरीला गेले नाहीत. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला. आणि गंमत अशी, की आजही आषाढात विठ्ठलाचीच पालखी पंढरपुराहून अरणला त्यांच्या भेटीला येते. भक्त देवाकडे जायचा, तो इथे देवच भक्ताकडे जातो.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, मग आम्हीही रानात राबतोच की, आम्हांला का नाही दिसत विठ्ठल? प्रश्न रास्त आहे. ज्याने रात्रीच्या पाळीला पाणी धरले आहे त्याला विचारा. वाफा भरत आला की दारे मोडायचे आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचे. अंधारात पाण्याच्या आवाजावरून कळते, वाफा भरला की नाही ते. मन जरा बाजारभावात गेले की पाणी भलत्याच सरीत. मग चिखल तुडवीत धावा! तेव्हा हजर राहणे ही काही डोळे मिटून बसण्याची गोष्ट नाही. डोळे, कान, पायाचे तळवे, सगळे जागे असावे लागतात. सावतोबांचे अध्यात्म मळ्यातले होते ते या अर्थाने, असे मी समजतो.

आणि बायकांचे जाते! उजव्या हाताने खुंटा फिरवायचा, डाव्या हाताने घास घालायचा. घास जास्त पडला तर पीठ भरड येते, कमी पडला तर दगडावर दगड घासतो. या फिरण्याच्या लयीवर ओवी आली. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला. आणि मग, घरातले सारे झोपलेले असताना, सासरचे जे कोणाला सांगता येत नाही तेही त्या जात्याला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघा अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एक लाख! ज्यांना कोणी पाटीपेन्सिल दिली नाही त्या बायकांचे हे चिंतन. विठ्ठल आपल्याबरोबर दळू लागतो असे नामदेवांच्या घरची दासी जनाबाई सांगते. ते नुसते चमत्कार म्हणून ऐकू नका. पहाटेच्या अंधारात एकटीने दळणाऱ्या बाईला दुसऱ्या हाताची किती गरज असते, तेही त्यात ऐका.

जाते गेले ते बरे झाले, हेही इथेच सांगतो. पहाटे उठून पायली-पायली दळणे हे सुख नव्हते. गिरणी आली आणि बाईच्या खांद्याला विसावा मिळाला. पण त्याबरोबर तिची ती एकान्ताची घटकाही गेली, आणि तिच्या जागी काय आले याचा विचार आपण केला नाही. आता त्या वेळी हातात मोबाइल असतो. तो वाईट नाही. पण तो आपल्याला नेहमी दुसरीकडेच बोलावतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांत विनोबांनी 'विकर्म' या शब्दाचा एक साधा अर्थ लावला आहे. हाताने चालते ते कर्म, आणि त्याला आतून मनाची जोड मिळते ते विकर्म. ही जोड मिळाली की कामाचे ओझे उतरते. ऐकणारे कैदी होते, हे ध्यानात घ्या. काम निवडण्याची मोकळीक त्यांना नव्हती.

मात्र मन देवाकडे लागले की सगळे साधले, असे कोणी समजू नये. तेरच्या गोरोबा कुंभारांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. माती तुडवताना ते भजनात इतके रंगले की रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली आले, तरी त्यांना कळले नाही. पुढे ते मूल परत मिळाले, असे कथा सांगते. बुवा ही गोष्ट तल्लीनतेचा कळस म्हणून सांगतात. मला ती ऐकताना त्या मुलाची आई दिसते. ज्या ध्यानात पायाशी आलेले लेकरू दिसत नाही, त्या ध्यानाला मी तरी हजेरी म्हणणार नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. 'आपल्या कामातच देव पाहा' हे वाक्य कोण कोणाला सांगतो, इकडे लक्ष ठेवा. मंगळवेढ्याचे चोखोबा आपल्या कामात पूर्ण हजर होते. देऊळ मात्र त्यांना बंद होते. १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. म्हणजे मेल्यावरही ते दाराबाहेरच. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. मध्ये सहा शतके गेली. तेव्हा मालकाने मजुराला, सासूने सुनेला हे वाक्य ऐकवू नये. ते ज्याचे त्याने स्वतःला सांगायचे असते. मजुरी कमी असेल तर ती वाढवून मागावी आणि खुरपे मन लावून चालवावे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात.

गुरुजनांना एक काम सुचवतो. मुलांना सांगा, घरच्या आजीकडून एक ओवी वहीत उतरवून आणा. आजी आधी म्हणेल, 'मला रे काय येतंय, सगळं विसरले.' तिला आग्रह करू नका. घरात जुने जाते कोपऱ्यात पडले असेल तर ते पुसून पुढे ठेवा, मूठभर दाणे द्या आणि खुंटा तिच्या हातात द्या. मग वही घेऊन जवळ बसा. मध्ये बोलू नका.