नवागतांचे स्वागत
(मंडळाच्या वरवे बुद्रुक येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संगणकावर मराठी लिहिणाऱ्या मंडळींविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही कोणी पंडित नव्हे. आपल्यातीलच पाच-सहा जण नोकरीधंदा सांभाळून फावल्या वेळी मराठी विकिपीडियावर लिहीत असतो, एवढाच काय तो आमचा अधिकार.

हा ज्ञानकोश १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनीच सुरू झाला. त्यापूर्वी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, त्यामागे एका पुरुषाची जिद्द होती. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोश आकारास आला, त्यामागे विद्वानांचा मेळा व शासनाचे पाठबळ होते. या तिसऱ्या कोशाच्या दारात मात्र द्वारपाल नाही. येथे वाचकासच लेखक होता येते. लेखनाबद्दल वेतन नाही, लेखाखाली नावही नाही. अशा कार्याचे सारे भांडवल म्हणजे हुरुपाने नवा येणारा माणूस.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक प्रांजळपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी याच भागातील एका तरुणाने आपल्या गावावर लेख लिहिला. गावची यात्रा, भाताची खाचरे, रस्त्याकडेची जुनी विहीर, सारे त्यात आले होते. परंतु निम्मा मजकूर एका पुस्तकातून जसाच्या तसा उतरविलेला, आणि उरलेल्यात स्वतःच्या घराण्याची थोरवी. आम्ही नियमावर बोट ठेवून एका रात्रीत तो सर्व काढून टाकला. त्यास एक ओळही लिहिली नाही. ‘विहिरीची छायाचित्रे पुढील आठवड्यात देतो,’ असे त्याने कळविले होते. तो पुढील आठवडा आलाच नाही. नंतर रस्ता रुंद झाला आणि ती विहीर बुजली. तिचे एकही चित्र आज आमच्यापाशी नाही. नियम आमच्या बाजूस होता. तोटा मात्र सर्वांचा झाला.

वास्तविक या कोशात प्रत्येक लेखाचा इतिहास जपलेला असतो. कोणी, केव्हा, काय बदलले हे पाहता येते आणि आधीचा पाठ क्षणात परत आणता येतो. म्हणजे नवागताची चूक स्वस्त आहे. दुखावून गेलेला नवागत महाग आहे. हा साधा हिशेब आम्हांस उशिरा उमगला.

ज्यांनी या कोशाची मांडणी केली त्यांना तो ठाऊक असावा. सर्वांनी बसून बोलावयाच्या पानास तेथे ‘चावडी’ म्हणतात आणि हात बसविण्याच्या पानास ‘धूळपाटी’. पूर्वी मुले धूळपाटीवरच अक्षरे गिरवीत. चुकले तर हात फिरविला की पाटी कोरी. इंग्रजी विकिपीडियावर तर नवागतांचा चावा घेऊ नये, असा संकेतच लिहून ठेवला आहे.

भोर-वेल्ह्याकडील आपणां शेतकऱ्यांस हे नव्याने सांगावयास नको. तरव्यातले रोप उपटून खाचरात लावले की ते काही दिवस पिवळे पडते. म्हणून कोणी ते उपटून फेकीत नाही. मूळ धरीपर्यंत त्यास सांभाळतो. बेणणी त्यानंतरची.

म्हणून आम्ही आता एक रीत पाळतो. नवीन लेखकास प्रथम नमस्कार करावा आणि त्याच्या लेखातील चांगले काय ते सांगावे. सदोष तेवढेच काढावे व कारण कळवावे. उतरविलेला मजकूर स्वतःच्या शब्दांत कसा लिहावा आणि विधानास आधार कसा द्यावा, हे एकदा शेजारी बसून दाखवावे. ज्ञातीविषयी लिहिताना तर विशेष जपावे. आपल्या पूर्वजांची स्तुती आपण येथे, या स्मरणिकेत करू. कोशात मात्र परक्यासही मान्य होईल असे साधार लिहावे. हे रागावून सांगितले तर भांडण होते, जिव्हाळ्याने सांगितले तर लेखक घडतो.

शेवटी एक विनंती. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस माहिती पुष्कळ आहे, पण कळफलकाची भीती वाटते. मुलांचा कळफलकावर हात चालतो, पण सांगावयास काही नसते. दोघांना एका संगणकापुढे बसवा. पहिला लेख चुकेल, चुकू द्या. आम्ही चावडीवर आहोत. आणि तो तरुण आज या मंडपात बसला असेल, तर आमची त्यास क्षमायाचना आहे आणि परत येण्याचे अगत्याचे निमंत्रणही.