आपटेच्या बायकोचं काय?

खाली ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस चालू आहे, मध्ये मध्ये आवाज येईल. माझ्याकडे इलाज नाही, डोंबिवलीत राहतो मी.

आणि नेमकं त्यावरूनच गेल्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला धरलं. 'अशी ही बनवाबनवी'वर तासभर बोललास, 'झपाटलेला' झाला, 'सिंहासन' झाला, आणि स्वतः डोंबिवलीकर असून 'डोंबिवली फास्ट'वर एक शब्द नाही? खरं सांगू का, मी टाळत होतो. आज बोलतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी पटकन. 2005 चा सिनेमा, निशिकांत कामतचं दिग्दर्शन, संदीप कुलकर्णी माधव आपटे. बँकेत नोकरी, रोजची लोकल, नियमाने चालणारा माणूस. आजूबाजूला कोणीच नियम पाळत नाही हे बघून एक दिवस त्याचं डोकं फिरतं आणि तो हातात बॅट घेऊन निघतो. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. पुढे कामतनेच माधवनला घेऊन तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' केला.

मी आठ वर्षांचा होतो. बाबांबरोबर इथल्याच थेटरात पाहिला. पडद्यावर आपलं स्टेशन आलं की लोक शिट्ट्या मारत होते. आपटेने पहिला दणका दिल्यावर बाबांनी टाळी वाजवली होती. माझे बाबा टाळ्या वाजवणाऱ्यातले नाहीत हो. तीस वर्षं डोंबिवली ते मस्जिद बंदर उभ्याने प्रवास केलेला माणूस, घरी आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलायचा नाही. त्यामुळे ती टाळी माझ्या चांगली लक्षात राहिली. आपटे म्हणजे हिरो, विषय संपला.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. मी डोंबिवलीहून ठाण्याला, तिथून ट्रान्स हार्बरने ऐरोलीला जातो. सकाळी स्टेशनला जायला शेअर रिक्षा. रिक्षावाल्याने नेहमीप्रमाणे चौथं सीट पुढे, स्वतःच्या शेजारी बसवलं. मी म्हटलं, तीनच घ्या. तो म्हणाला, उतरा मग. आणि मंडळी, मी उतरलो आणि त्याची कॉलर धरली. माझ्याहून वयाने मोठा माणूस. दहाएक सेकंद धरून होतो. कोणीतरी सोडवलं.

ऑफिसात हे मी रंगवून सांगितलं. एक जण म्हणाला, "अरे, डोंबिवली फास्ट!" मला बरं वाटलं. कौतुक वाटलं मला ते! घरी येऊन पुन्हा तेच सांगितलं. बाबा हसले. आई काहीच बोलली नाही, पोळ्या लाटत राहिली.

त्या शनिवारी आम्ही तिघांनी सिनेमा पुन्हा लावला.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. सुरुवातीला आपटेचा दिनक्रम येतो. उठणं, घर, लोकल, बँक, परत घर. पुन्हा तेच. पुन्हा तेच, आणखी वेगाने. आठव्या वर्षी मला ते कंटाळवाणं वाटलं होतं. आता वाटतं की सिनेमाचा सगळा जीव तिथेच आहे. पुढचं एकही भाषण नसतं तरी आपटेचं डोकं का फिरलं ते कळलं असतं. संदीप कुलकर्णी तर असा की गर्दीत शेजारी उभा राहिला तर आपण वळून बघणार नाही. ते सोपं नसतं.

पण तो दिनक्रम बघताना आई म्हणाली, "ती पण रोज तेच करतेय की."

आपटेची बायको, अलका. शिल्पा तुळसकरने केलीय. नवऱ्याआधी उठायचं, त्याच्यामागे घर, मुलं, परत तेच. तिचंही चक्र तितकंच गोल आहे, फक्त कंटाळा त्याचा मोजलाय. ती त्याला सांगते की थोडं जमवून घे, सगळं जग घेतं. आणि आपण थेटरात बसून तिच्यावर वैतागतो, काय कटकट आहे! मीही वैतागायचो. या वेळी आई म्हणाली, "हा बॅट घेऊन निघाला. उद्या सकाळी दूधवाला आला की दार तिलाच उघडायचंय ना?"

बाबांना पटलं नाही. "अगं, पण त्याचं चुकलं काय? जे बोलतो ते खरंच आहे ना?" आई म्हणाली, "अहो, खरंच आहे. मी कुठे नाही म्हणते?"

हा सिनेमा 'फॉलिंग डाऊन'वर बेतलेला आहे असं सगळेच म्हणतात. जोएल शूमाकरचा 1993 चा, मायकल डग्लस, लॉस एंजेलिस. दोन्हीकडे दुकानदाराने थंड पेयाचे जास्त पैसे मागितल्यावर भडका उडतो, म्हणजे नातं उघड आहे. पण फरक बघा. डग्लसची नोकरी गेलेली आहे, आणि त्याची आधीची बायको त्याला घाबरून आहे. तो सिनेमा आपल्याला मधूनच विचारतो, की तुम्ही याच्या बाजूने का आहात? आपला आपटे मात्र पर्मनंट नोकरीवाला, निर्व्यसनी, सरळ. त्यामुळे टाळी वाजवताना आपल्याला जराही टोचत नाही. माझं मत विचाराल तर आपला सिनेमा तिथे थोडा सोपा झालाय.

गंमत म्हणजे याच निशिकांत कामतने दहा वर्षांनी हिंदी 'दृश्यम' केला. गोष्ट मूळ मल्याळम, मान्य. पण त्यातला विजय साळगावकर घर वाचवायला कायदा मोडतो, आणि त्याची बायको, मुली प्रत्येक पावलावर त्याच्याबरोबर असतात. आपटे कायद्यासाठी घर मागे टाकतो. दोन सिनेमे ओळीने बघा एकदा. कामत 2020 मध्ये गेला, फार लवकर गेला. त्याला विचारायला हवं होतं यार.

आणखी एक, जरा बाजूला जातो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवते? अल्फा मराठी, 2001 ला सुरू झाली, केदार शिंदेची. दिलीप प्रभावळकरांचे आबा. तेही मध्यमवर्गीयच घर. राजन भिसेंचा शेखर बाहेरून वैतागून आला की घरात कोणीतरी त्याची टिंगल करायचं, आबा दोन शब्द बोलायचे, श्यामला तिसरंच काहीतरी बोलायची, आणि तो वैताग जेवणाच्या ताटापर्यंत विरून जायचा. आपटेच्या घरात कोणी हसत नाही. त्याला आबा नाहीत. मी कितीतरी वर्षं टिपरेला गोडगोड म्हणून नावं ठेवली. आता मागे घेतो.

म्हणजे राग खोटा आहे का? अजिबात नाही. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं पडली, जीव गेले. त्याच मार्गावर मी रोज असतो. पण त्या रागाचं मी काय केलं, तर माझ्यासारख्याच सकाळपासून पळणाऱ्या एका रिक्षावाल्याची कॉलर धरली.

तो रिक्षावाला मला परवा दिसला. लाइनमध्ये दुसरा होता. मी पहिल्या रिक्षात बसू शकलो असतो, पण थांबलो आणि त्याच्याच रिक्षात बसलो. सॉरी म्हणालो. त्याने आरशात बघितलं, "कधीची गोष्ट?" म्हणाला. त्याला आठवतच नव्हतं, किंवा तसं दाखवत होता. आणि चौथं सीट पुढे घेतलंच त्याने. (हसतो)

सिनेमाचा शेवट लोकलमध्ये आहे, तो सांगत नाही. आई तो न बघताच उठली, कुकर लावायचा होता. बाबा म्हणाले, "अगं, शेवट तरी बघ." ती आतून म्हणाली, "तुम्ही बघा आणि मला सांगा." मग बाबांनी पॉज केलं, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.