एकरंगी रजई कशी पाहावी



१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एक प्रदर्शन भरलं. भिंतींवर चित्रं नव्हती, रजया होत्या. जॉनथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी गोळा केलेल्या जुन्या अमेरिकी रजया, अंथरुणावरून उचलून थेट भिंतीवर टांगलेल्या. लोक पाहून चकित झाले. ज्या ठळक चौकोन-त्रिकोणांसाठी त्या काळचे नामांकित चित्रकार वाखाणले जात होते, ते कितीतरी आधी गावोगावच्या बायका सुईदोऱ्यानं करून मोकळ्या झाल्या होत्या. रजईला कलेच्या दालनात मानानं आत घेतलं गेलं, त्यात या प्रदर्शनाचा वाटा मोठा.

चांगलंच झालं. पण त्या भिंतीनं आपल्या डोळ्यांना एक खोडही लावली. रजई समोर आली की आपण आधी रंग शोधतो, तुकड्यांची मांडणी शोधतो. आज मी ज्या रजयांबद्दल बोलणार आहे, त्या भिंतीवर टांगून समोरून झगझगीत दिवा टाकला, तर साफ नापास होतील. त्यांत तुकडे नाहीत. वर एका कापडाची अखंड चादर, खाली अस्तर, मध्ये भरण. लांबून पाहिलं तर, ‘यात काय आहे?’ असं वाटावं.

या रजया अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आमाना वसाहतींमधल्या. आमाना म्हणजे एक गाव नव्हे, सात गावं. तिथले लोक मूळचे जर्मनीचे. १७१४ साली तिथे एक पंथ निघाला. ईश्वर आजही निवडक माणसांच्या तोंडून बोलतो, अशी त्याची श्रद्धा. सरकारी चर्चशी पटेना, छळ होऊ लागला, तेव्हा ख्रिश्चन मेट्झ नावाच्या सुतारकाम करणाऱ्या पुढाऱ्यामागून ही मंडळी १८४० च्या दशकात अमेरिकेत आली. आधी बफेलो शहराजवळ राहिली, मग १८५५ पासून आयोवा नदीच्या काठी. सुमारे २६,००० एकर जमीन, आणि ती सगळी सामायिक. घरं, गिरण्या, गुरं, कारखाने सगळ्यांचे. मजुरी कोणालाच नाही. दरसाल प्रत्येकाच्या नावे गावच्या दुकानात ठरावीक रक्कम जमा व्हायची, तिच्यातून काय हवं ते घ्यायचं. पुष्कळजण आमानाच्या लोकांना आमिश समजतात. ते वेगळे. आमिशांची शेतं ज्याची त्याची असतात, आणि त्यांच्या रजयाही वेगळ्या, गडद रंगांच्या मोठमोठ्या तुकड्यांच्या. व्हिटनीच्या भिंतीवर शोभणाऱ्या.

आमानाच्या घरांत स्वयंपाकघर नसे. सात गावांत मिळून पन्नासावर सामायिक स्वयंपाकघरं होती आणि एकेका ठिकाणी तीस-चाळीस माणसांची पंगत उठायची. शाळा संपली की मुलगी या स्वयंपाकघरात कामाला लागायची. शिवाय भाज्यांचे मळे बायकांकडेच. तेव्हा घरी चूल नाही म्हणजे बाईला आराम, असं कोणी समजू नये. हिवाळ्यात जमीन गोठली की मळ्याचं काम थांबे. सुईला खरी सवड तेव्हा.

देखणेपणाविषयी या लोकांचं मत कडक होतं. प्रार्थनामंदिरावर मनोरा नाही, आत क्रूस नाही, वाद्य नाही. फिकट निळ्या रंगानं सारवलेल्या भिंती आणि घासूनपुसून ठेवलेले बिनरंगाचे लाकडी बाक. तसबिरी आणि छायाचित्रं पंथातल्या ज्येष्ठांना खपत नसत. बायकांचा पेहराव गडद, डोक्यावर काळी टोपी. दफनभूमीत सगळे दगड एकसारखे, मृत्यूच्या क्रमानं ओळीत लावलेले. नवरा-बायकोसुद्धा शेजारी शेजारी नाहीत. अशा ठिकाणी हाताला हौस असेल तर ती जाणार कुठे?

ती टाक्यात गेली, असं मला वाटतं. टाका घालावाच लागतो. तीन थर एकमेकांना धरून राहिले नाहीत तर आतलं भरण सरकून एका कोपऱ्यात गोळा होतं. म्हणजे शिवणं ही गरज, तिला कोण नाव ठेवणार? मग आडव्या सरळ रेघा मारायच्या की वेल काढायची, हे बाईच्या हातात. आणि रंग एकच असल्यामुळे ती वेल डोळ्यांवर येत नाही. साधेपणाचा नियम शाबूत आणि हौसही पुरी.

आता टाका कसा पडतो ते जरा जवळून पाहू. लाकडी चौकटीवर तिन्ही थर ताणून बसवतात. वरच्या कापडावर नक्षी पुसट आखून घेतात. सुई आखूड असते, कारण लांब सुईनं बारीक टाका येत नाही. दोऱ्याच्या टोकाला इवलीशी गाठ मारायची, सुई आत घालायची आणि दोऱ्याला हलकासा हिसका द्यायचा. गाठ वरच्या कापडातून टप्‌कन आत जाते आणि भरणात अडकून बसते. वरून शोधली तरी सापडत नाही. मग एक हात चौकटीच्या वर, दुसरा खाली. वरच्या हाताच्या बोटात अंगुस्तान. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की ते बोट तिला परत वर लोटतं. तीन-चार टाके सुईवर भरले की दोरा ओढायचा. खालचं बोट दिवसभर टोचून घेतं. हा आपला धावदोराच, वाकळेचा. फरक एवढाच की वाकळेत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर असतात, त्यांना फुगवटा नसतो. टाक्यानं नुसती सुरकुती पडते. रजईत मध्ये पिंजलेलं भरण असतं. आमानाच्या स्वतःच्या लोकरीच्या गिरण्या होत्या, मेंढ्यांचे कळप होते, तेव्हा लोकर हाताशीच. ती टाक्यापाशी दबते आणि दोन टाक्यांच्या ओळींमध्ये फुगते. सगळी नक्षी आहे ती या उंचसखलपणात.

म्हणून एकरंगी रजई पाहताना पहिली गोष्ट, दिवा बदला. समोरचा उजेड तिला मारून टाकतो. उजेड एका बाजूनं, अगदी तिरपा यायला हवा. आत्ता घरात एखादी रजई किंवा गादीवरचं शिवलेलं पांघरूण असेल तर खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून धरा. जे सपाट वाटत होतं त्यावर कड आणि सावली उमटेल. टॉर्च दुसऱ्या बाजूला न्या, सावल्या उलटतील आणि तीच नक्षी निराळी भासेल.

दुसरी गोष्ट, नक्षीच्या आधी मोकळी जागा पाहा. शिवणारीचं कसब फुलापेक्षा फुलाभोवती जास्त कळतं. फूल उठून दिसायचं असेल तर त्याच्या भोवतालचं कापड दाबून खाली न्यावं लागतं. त्यासाठी तिथे जवळजवळ रेघा, नाहीतर बारीक चौकड्या भरतात. पाकळीत दोन टाके आणि पाकळीबाहेर शंभर, असा हिशेब. आळशी शिवणारीनं बाहेरची जागा विरळ सोडली की फूल बसकं दिसतं. टाके मोजायचे असतील तर एका इंचात वरून दिसणारे मोजा. आठ-दहा भरले तर हात चांगला.

आणि कोपरा. काठाची वेल सरळ चालत असते तोवर कोणीही काढील. कोपऱ्याशी आल्यावर ती वळते की तुटते? काहीजणी कोपऱ्यात एक फूल बसवून सुटका करून घेतात. काहीजणी आधी माप घेऊन पानं अशी बसवतात की वेल न अडखळता वळते. मला पहिल्या प्रकारच्याही आवडतात, खरं सांगायचं तर. त्यांत माणूस दिसतो.

‘अमेरिकेतल्या बायका गरिबीमुळे चिंध्या जोडून रजया करायच्या’ ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. फार लाडकी गोष्ट आहे, पण अर्धीच खरी. तुकड्यांच्या रजयांची अमेरिकेत खरी लाट आली ती एकोणिसाव्या शतकात, गिरण्यांचं छापील कापड स्वस्त झाल्यावर. कितीतरी रजयांसाठी नवं कापड मुद्दाम विकत आणून, कापून, पुन्हा जोडलं गेलं. आमानात तर कापड ताग्यानंच मिळत होतं. मग ते कापायचं कशाला? खऱ्या चिंध्या तिथे वाया जात नसत, त्यांच्या पट्ट्या फाडून मागावर सतरंज्या विणल्या जायच्या. इतर हातकामंही पुष्कळ: बुरूडकाम, झाडू बांधणं, कल्हईच्या पत्र्याची भांडी, अक्रोड आणि चेरीच्या लाकडाचं सामान, हे सगळं गावातच. शाळेत मुलींबरोबर मुलगेही विणकाम शिकत. बर्था शाम्बॉ या बाईंनी १८९० च्या दशकात तिथे जाऊन छायाचित्रं घेतली आणि पुढे १९०८ मध्ये आमानावर पुस्तक लिहिलं. जुन्या आमानाची बरीच माहिती आज त्यांच्यामुळे हाती आहे.

एका कापडाबद्दल मात्र थांबून बोलायलाच हवं. आमानाचं निळं चीट. निळ्या जमिनीवर पांढरे ठिपके, बारीक फुलं. हे लोक सुती कापड बाहेरून आणून स्वतःच्या कारखान्यात छापत आणि त्यांचे विक्रेते ते दूरदूर विकत. जर्मनीतली निळ्या छपाईची जुनी रीत अशी, की ठशानं आधी लुकण छापायचं, मग कापड निळीच्या पिंपात बुडवायचं. बाहेर काढल्यावर ते हिरवट असतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. लुकण धुऊन काढलं की त्याखालची जागा पांढरी. ही विद्या युरोपात रुजली ती आपल्याकडच्या चिटांचं आणि निळीचं वेड लागल्यावर. नीळ तर शतकानुशतकं जहाजांनी भारतातूनही जात होती. आमानाला मात्र पुढे रंग जर्मनीहून येत. पहिल्या महायुद्धात ते येणं बंद झालं आणि आमानाची छपाई थांबली ती थांबलीच. जुन्या रजयांत कुठे हे चीट दिसलं, तर ते साधारण शंभर वर्षांपलीकडचं समजायला हरकत नाही.

१९३२ साली सामायिक व्यवस्था मोडली. लोकांनीच मत देऊन मोडली. गिरण्यांची एक कंपनी झाली, लोकांना भाग मिळाले, पगार सुरू झाला, सामायिक स्वयंपाकघरं बंद पडून घरोघरी चुली आल्या. रजया चालू राहिल्या. आज आमानाच्या संग्रहालयात जुन्या वस्तू पाहायला मिळतात आणि लोकरीची गिरणीही अजून चालते. शिकागो किंवा मिनियापोलिसकडे ज्यांची मुलं-नातवंडं आहेत, त्यांना मोटारीनं जाण्याजोगं अंतर आहे.

गेलात, तर काचेसमोर उभं राहून पाहू नका. खाली वाका, कापडाच्या पातळीवर डोळा आणा आणि रजईच्या कडेनं आडवं पाहा. हात लावायची मुभा नसते, ते योग्यच आहे. पण अमेरिकेत रजयांची प्रदर्शनं भरतात तिथे बहुधा पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका उभ्या असतात. त्यांना विनंती केली तर त्या कोपरा उचलून रजईची मागची बाजू दाखवतात. मागची बाजू जरूर मागा. टाके तिथेही पुढच्याइतकेच बारीक आहेत का, ते बघून घ्या.