तुरीचा भाव आणि दोषाची वाटणी



किराण्याची यादी हातात घेऊन दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिलेल्या गृहिणीला डाळीचा भाव ऐकून पहिला संशय येतो तो समोरच्या दुकानदाराचा. दुकानदार दाणाबाजारातील घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवितो, घाऊक व्यापारी दालमिलवाल्याचे नाव घेतो, दालमिलवाला आडत्याचे, आडत्या पावसाचे, आणि पावसावर फिर्याद करता येत नसल्यामुळे अखेरीस सारा रोष सरकारच्या दारी जाऊन थांबतो. यांतील प्रत्येकाच्या कैफियतीत थोडे तथ्य असते, आणि नेमके त्यामुळेच कोणाच्या पदरी किती दोष घालावा हे ठरविणे कठीण होऊन बसते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून, आणि एकाच जिनसाच्या आधाराने, हा हिशेब आज मांडून पाहावा असा माझा विचार आहे. तो जिन्नस म्हणजे तुरीची डाळ. ज्या मुलखात वरण-बट्टीवाचून पाहुणचार पुरा होत नाही, आणि ज्याच्या मुख्य शहरातील दालमिलींचा माल परप्रांतांत आणि परदेशांतही जातो, त्या मुलखाने उदाहरणासाठी अन्यत्र जाण्याचे प्रयोजन नाही.

प्रथम दालमिलीत जाऊ. तेथे पोत्यांतून येणारी तूर काही चावलखेड्याची वा शिंदखेड्याची, काही विदर्भ-मराठवाड्याची, काही कर्नाटकाची, आणि काही ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे आलेली, जिला बाजारात ‘लेमन’ म्हणतात, अशी असते. ती चाळली जाते, खडे-माती वेगळी होते, दाण्यावर ओरखडे काढून त्याला तेल आणि पाणी लावतात, ढीग मुरत ठेवतात, मग तो उन्हात वा यंत्रात वाळवितात. आणि हे सोपस्कार झाल्यावरच टरफल सुटून दाण्याची दोन दले होतात. आता कान देऊन ऐकण्याजोगी गोष्ट ही की, शंभर किलो तुरीतून डाळ निघते ती साधारणपणे सत्तर-बहात्तर किलो. यंत्र चांगले आणि माल टपोरा असेल तर पंचाहत्तरपर्यंत. उरलेली चुनी, कणी आणि टरफल गुरांच्या खाद्याला जाते, त्याचे पैसेही येतात, पण ते डाळीच्या भावाने येत नाहीत. म्हणजे तूर क्विंटलला ७,००० रुपये असली आणि डाळ बहात्तर किलो उतरली, तर त्या डाळीचा नुसत्या कच्च्या मालाचा खर्चच किलोला ९७ रुपये झाला. त्यात अजून वीज नाही, मजुरी नाही, हमाली-तोलाई नाही, बारदान नाही, भाडे नाही, भांडवलावरचे व्याज नाही, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफाही नाही. बाजार समितीच्या फळ्यावर तूर ७० रुपये किलो आणि दुकानात डाळ सव्वाशे रुपये, हे पाहून मधले पंचावन्न रुपये कोणी तरी लुबाडले असा जो समज होतो, त्यातील सत्तावीस रुपयांच्या आसपासची रक्कम चुनीच्या आणि टरफलाच्या खाती जमा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या वतीने २०२४ साली काही अभ्यास-निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतील अनुमान असे की, ग्राहक तुरीच्या डाळीवर जो रुपया खर्च करतो त्यातील सुमारे ६५ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात, कांद्यात सुमारे ३६ पैसे, आणि केळीत सुमारे ३१. रावेर-यावलच्या केळी-उत्पादकांना हा शेवटचा आकडा निराळा सांगावयास नको! केळी नाशवंत, ती पिकवावी लागते, वाहनात दबते, आणि घड कापल्यावर भाव पटला नाही म्हणून परत झाडाला लावता येत नाही. त्यामुळे सौद्यात शेतकऱ्याची बाजू आधीच लंगडी असते. डाळीचे तसे नाही. ती टिकते, आणि टिकते म्हणूनच तिच्यात मधल्या माणसाचा वाटा तुलनेने कमी आहे. परंतु टिकते म्हणूनच ती दडवूनही ठेवता येते, आणि येथून साठेबाजाचे प्रकरण सुरू होते.

दुकानदाराविषयी मात्र निकाल देऊन टाकतो. तो अगदी निष्पाप आहे असे मी म्हणणार नाही, कारण भाव चढला की फळीवरच्या जुन्या मालालाही त्याच संध्याकाळी नवा भाव लागतो, आणि भाव उतरला की “ताई, हा जुना माल आहे, आठ दिवस थांबा” हे वाक्य तयार असते. पण समोरच दुसरे दुकान असल्याने त्याला फार हात मारता येत नाही, आणि महिनाभर वहीवर उधार देणारा या साखळीत तोच एकटा असतो. महागाईत त्याचा वाटा सर्वांत दृश्य आणि बहुधा सर्वांत लहान असतो.

साठेबाजाची गोष्ट निराळी. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, तुरीचे पीक घटले, आणि २०१५ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. ऑक्टोबर महिन्यात साठ्यावर मर्यादा घालणारे हुकूम निघाले, १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यान्वये गोदामांवर छापे पडले, आणि देशभरात मिळून पाऊण लाख टनांहून अधिक डाळी जप्त झाल्या. त्यांतील मोठा हिस्सा आपल्या महाराष्ट्रातलाच होता. वर्तमानपत्रांतून गोदामांची छायाचित्रे झळकली आणि अपराधी सापडल्याचे समाधान लोकांना लाभले. परंतु त्या वर्षी देशातले उत्पादन आणि आयात मिळून डाळींचा पुरवठा सव्वादोन कोटी टनांच्या आसपास होता, म्हणजे देश रोज सुमारे साठ हजार टन डाळी खात होता. एवढ्या गाजावाजाने पकडलेला साठा देशाला सव्वा दिवस पुरला असता. साठेबाज दोषी नव्हता असा याचा अर्थ नव्हे. टंचाईच्या काळात माल अडवून ठेवणे हे पापच आहे आणि त्याला शासन झालेच पाहिजे. पण तो टंचाई वाढवितो, निर्माण करीत नाही. शिवाय हुकूमच भाव आवरतो असेही नाही. १९५२ ते १९५४ या काळात रफी अहमद किडवई केंद्रात अन्नमंत्री असताना धान्यावरील नियंत्रणे क्रमाने उठविली गेली, तेव्हा भाव भडकतील असे भाकीत करणारे पुष्कळ होते. प्रत्यक्षात माल बाजारात आला आणि भाव आवरले गेले. अर्थात त्या वर्षांत पाऊसही चांगला झाला होता, हे किडवईंच्या चाहत्यांनी विसरू नये.

आपल्या धुळ्याला तर बाजारातील लबाडीचा बंदोबस्त करण्याची परंपरा जुनी आहे. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे आणि वजनातली मारामारी थांबावी म्हणून मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस-बाजारांचा कायदा झाला, आणि त्याखाली नियंत्रित बाजार प्रथम उभा राहिला तो धुळ्यास. लबाडीवर कायद्याचा इलाज आहे. धरसोडीवर मात्र कोणताच कायदा नाही, आणि माझ्या मते खरा दोष तेथे आहे.

२०१५ च्या भडक भावाचे पुढे काय झाले ते पाहा. दोनशे रुपयांची डाळ पाहून शेतकऱ्याने २०१६ च्या खरिपात तूर भरभरून पेरली. सरकारनेही आधारभूत किंमत वाढवून, बोनस धरून, क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर केली. पाऊस साथीला होता. आदल्या वर्षी सुमारे २५ लाख टन असलेले तुरीचे उत्पादन एकदम ४८ लाख टनांच्या वर गेले. आणि शिवारात ही पेरणी चालू होती त्याच जुलै महिन्यात आपल्या सरकारने आफ्रिकेतील मोझांबिकशी पाच वर्षांचा करार करून तेथून दरसाल वाढत्या प्रमाणात तूर आणण्याची हमी दिली! निर्यातीची वाट तर, काबुली चण्यासारखे अपवाद वगळता, २००६ पासून बंद होती. घरात पीक दुप्पट, बाहेरून माल येतो आहे, आणि बाहेर जाण्याचे दार लावलेले. अशा स्थितीत जे व्हावयाचे ते झाले. २०१७ च्या आरंभी तूर आधारभूत किमतीच्या पुष्कळ खाली, चार हजारांच्या आसपास आणि त्याहीखाली विकली जाऊ लागली. खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिवसच्या दिवस खोळंबले, कोठे बारदान नाही म्हणून माप थांबले, एप्रिलात खरेदी बंद झाली, ओरड होताच पुन्हा सुरू झाली. आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि निर्यातीची बंदी उठली ती त्याही पुढे, वर्षाच्या उत्तरार्धात. तोवर लहान शेतकऱ्याच्या घरात एक दाणाही विकावयाचा उरला नव्हता.

त्या वर्षी ज्याने मार खाल्ला त्याने पुढे तूर कमी करून कापूस वा सोयाबीन धरले तर त्याला दोष कोण देणार? पुढे माल पुन्हा तुटू लागला, मे २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी झाली, आणि ही मुभा वर्षावर्षाच्या मुदतवाढीने लांबत गेली. जून २०२३ मध्ये साठ्यावर पुन्हा मर्यादा आली, किरकोळ दुकानदाराला ५ टन आणि घाऊक व्यापाऱ्याला २०० टन. जून २०२४ मध्ये पुन्हा तसाच हुकूम. भाव चढले की ग्राहकासाठी धावावयाचे, पडले की शेतकऱ्यासाठी, आणि दोन्ही वेळा गाडी सुटल्यावर फलाटावर पोचावयाचे, असा हा क्रम आहे. ज्या वर्षी डाळ महाग होते त्या वर्षीच्या टंचाईचे बीज ती मातीमोल झालेल्या वर्षी पडलेले असते, आणि ते पेरणारा हात शेतकऱ्याचा नसतो, दुकानदाराचाही नसतो. दहा आण्यांचा दोष मी या उशिराच्या धोरणाला देईन, तीन आणे पावसाला, दोन साठेबाजाला, आणि उरलेला एक आणा आपणा सर्वांत वाटून टाकीन; कारण भाव वाढणार अशी आवई उठताच गरज नसताना पाच-पाच किलो डाळ उचलणारे आपणच असतो.

तेलाचा मामला याहून परस्वाधीन आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातील निम्म्याहून अधिक बाहेरून येते, त्यामुळे २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे थांबविली तेव्हा त्याची धग पारोळ्याच्या फोडणीला लागली. तेथे आपल्या हाती उरते ते वजन पाहणे. पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा या एकच गोष्टी नव्हेत; तेल पाण्याहून हलके असल्याने पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोंहून थोडे अधिक तेल भरते. दोन दुकानांतील भावांची तुलना करताना डबा कोणता, हे प्रथम विचारावे. पिशव्यांचेही तसेच: एक किलोची वाटणारी पिशवी आठशे-साडेआठशे ग्रॅमची निघते. आता वेष्टनावर एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमची वा दर किलोची किंमत छापणे बंधनकारक आहे. अक्षर बारीक असते, पण चष्मा लावून तेवढे वाचावे. छापील किमतीहून अधिक पैसे मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक तक्रारीसाठी आहे.

१८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, छापील वेष्टनातील डाळी आणि धान्यांवर पाच टक्के कर लागू झाला. सुटा माल त्यातून मोकळा राहिला. तेव्हा ज्या दुकानदाराचा काटा आणि सचोटी यांची आपणांस खात्री आहे त्याच्याकडून सुटी डाळ घेण्यात कमीपणा मानू नये. चकचकीत ‘फटका’ डाळच हवी हा आग्रहही सोडावा. घासून-पुसून आणलेल्या त्या झळाळीचे पैसे आपणच देत असतो, आणि वरणाच्या चवीत गावरान डाळ तिला हार जात नाही.

खानदेशी घरांतून चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू आणि दादर ज्वारी भरून ठेवण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. तुरीचा मोसम त्याआधी, पौष-माघात येतो, आणि आवक जोरात असते तेव्हा भाव सहसा नरम असतो. मासिक पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला एकदम क्विंटलभर तूर घेणे झेपत नाही, हे खरे. पण बचत गटातील दहा-बारा घरांनी मिळून ती घेतली, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या लहान दालमिलींसारख्या जवळच्या यंत्रावर भरडून आणली, तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाची बेगमी सोसवेल अशा पैशांत येते, आणि चुनी गोठ्यातल्या म्हशीला राहते. डाळ कडक उन्हे देऊन, डबा कोरडा करून भरावी. आणि तुरीने डोळे वटारलेच, तर मूग, मटकी, चवळी आणि आपली उडदाची डाळ यांची पाळी लावावी. कळण्याची भाकरी ज्यांच्या घरी होते त्यांना उडदाचे गुण मी सांगावे असे नाही.

एक विनंती करून मी आपली रजा घेतो. पुढच्या निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, महागाई कमी करणार का असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर होकारार्थीच येणार. त्याला एवढेच विचारा की, तुरीची आयात किती आणि कोणत्या जकातीने होणार, हे शेतकऱ्याला मृगाच्या पेरणीआधी कळणार की पीक खळ्यावर आल्यानंतर?