घर सोडून जाणारी मुले आणि कायदा
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचा निकाल लागला की एखाद्या घरातला मुलगा निघून गेल्याची बातमी कानावर येते. कोणी नापास झाला म्हणून जातो, कोणी बापाच्या माराच्या धास्तीने, तर कोणी मुंबईत कमावून दाखवतो या जिद्दीने. मुलगी गेली तर ती बातमी कुजबुजीतून येते. अशा वेळी घरची माणसे नात्यागोत्यात शोध घेतात. पण पोलिसांचे नाव निघाले की 'अब्रूचा प्रश्न आहे' म्हणून गप्प बसतात. या गप्प बसण्यात दोन-तीन दिवस जातात. तेवढ्या वेळात मूल किती दूर आणि कोणाच्या हाती गेले असेल, याचा आपण विचार करावा, एवढ्यासाठीच आज या विषयावर बोलणार आहे.

पहिली गोष्ट वयाची. १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे १८ वर्षे पूर्ण झाल्यावर माणूस सज्ञान होतो. त्याआधी तो अज्ञान, मग मिशी फुटलेली असो वा नसो. पालकांना न विचारता घर सोडणे हा मात्र त्या मुलाचा गुन्हा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने घरातून पळालेल्या मुलाला गुन्हेगार न मानता 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' मानले आहे. असे मूल सापडले की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. समिती चौकशी करते, मुलाचे म्हणणे ऐकते, आणि शक्य तेथे त्याला पुन्हा घरी पोचवणे हाच तिचा मुख्य हेतू असतो. तेव्हा पोलिसांत गेलो तर मुलावर शिक्का बसेल, ही भीती मनातून काढून टाका.

दुसरी गोष्ट तक्रारीची. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या प्रकरणात आदेश दिला की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि मुलाला पळवून नेले असावे असे गृहीत धरून तपास करावा. '२४ तास वाट पाहा' असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे घटना कोणत्याही हद्दीतली असली तरी जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. मुलाचा अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मित्रांची नावे आणि वयाचा दाखला बरोबर न्या. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबरही पाठ असू द्या.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी. 'मी माझ्या मर्जीने आले' किंवा 'आलो' असे म्हटले की बरोबरचा माणूस सुटला, असे तुम्हाला वाटते. तसे नाही. पूर्वीच्या दंडसंहितेत पळवून नेण्याच्या गुन्ह्यासाठी मुलग्याचे वय १६ आणि मुलीचे १८ धरले जाई. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ प्रमाणे ते दोघांसाठीही १८ आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे. यात अज्ञान मुलाच्या संमतीला किंमत नाही. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या वरदराजन खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'नेणे' आणि स्वतःहून आलेल्याला 'सोबत करणे' यांत फरक केला आणि आरोपीला सोडले. ती मुलगी कॉलेजात शिकणारी व जवळजवळ सज्ञान होती, आणि तिला कोणी फूस लावल्याचा पुरावा नव्हता. पण १९७३ साली राजाराम खटल्यात त्याच न्यायालयाने मन वळवणे एवढेही गुन्ह्याला पुरे मानले. म्हणजे एका निकालाच्या भरवशावर कोणी पाऊल उचलू नये.

पळून जाऊन निकाह लावला म्हणजे सारे मिटले, असेही नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालील मुलीची संमती धरली जात नाही, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही गुन्हाच ठरवला. ज्या मुलावर तुमचा जीव आहे, त्यालाच ऐन विशीत तुरुंग पाहावा लागेल.

नातेवाइकांनाही एक विनंती. हरवलेले वा निराधार दिसणारे मूल तुमच्या हाती आले तर २४ तासांच्या आत पोलिसांना, बालकल्याण समितीला किंवा १०९८ वर कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मूल पोटभर जेवले, निजले, हे चांगलेच झाले. पण त्याच्या आईला निरोप पोचला पाहिजे.

शेवटी पालकांनो, कायद्याला दुसरीही बाजू आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याचा छळ केला, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आम्हा शिक्षकांनाही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी उगारायला मनाई केली आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली घर सोडून गेलेले मूल परत मिळावे म्हणून अर्ज करता येतो. पण न्यायालय बापाचा हक्क पाहून थांबत नाही, मुलाचे हित कशात आहे ते पाहते. मूल परत आले की पहिल्या रात्री त्याला जाब विचारू नका. जेवू घाला, झोपू द्या. का गेला, हे सकाळी विचारा, आणि उत्तर आपल्याविरुद्ध असले तरी ऐकून घ्या. कायदा मुलाला दारापर्यंत आणून सोडतो. ते पुन्हा जाऊ नये याची व्यवस्था मात्र घरातच करावी लागते.